कोण ओरडतं ते बघू

"तुमच्या या यादीत मेलेली माणसं किती हो?" नव्या साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"सगळी जिवंत आहेत, साहेब. काही जण फक्त कामावर येत नाहीत," खातेभाऊ म्हणाले.

इस्पितळातल्या प्रत्येकाचं संगणकावरचं खातं खातेभाऊंनी उभारलेल्या डिरेक्टरीत होतं. कुणाला कुठलं दार उघडायचं, कुठलं औषधाचं कपाट उघडायचं, हे सगळं तिला विचारून ठरे. तिनं ओळख दाखवली नाही, तर मोठमोठे डॉक्टरही रुसलेल्या जावयासारखे दाराबाहेर ताटकळत.

साहेबांचं बोट थांबलं. "या सिस्टरबाई तर कधीच वारल्या. आणि हजेरी आज सकाळची? भूतबित आहे की काय?"

सिस्टरबाई म्हणजे खातेभाऊंची बायको. वॉर्डांत ही कपाटं नवी आली, तेव्हा डिरेक्टरीशी बोलायला त्यांना कुणाचं तरी खातं लागत होतं. ती चहा घेऊन शेजारीच उभी होती. "माझं घाला की तात्पुरतं. माझ्या अंगाला काय भोकं पडतायत?" कचेरीत तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नसतं. ती गेली, कपाटं तिच्या नावानं हजेरी लावत राहिली. बदलायला हवं होतं. खातेभाऊ रोज सकाळी ती हजेरी बघत आणि काम उद्यावर ढकलत.

"थोडी तयारी करावी लागेल, साहेब."

"नियम तुमचाच ना? आधी खातं बंद करायचं, मग कोण ओरडतं ते बघायचं." साहेबांनी टिचकी मारून खातं बंद केलं. "बघू!"

कुणी ओरडलं नाही. साहेब खुशीत जेवायला गेले.

खातेभाऊंनी घड्याळ पाहिलं. कपाटं सकाळची परवानगी काही तास ध्यानात ठेवत. ती सरली, की एकेकाची दातखीळ बसणार. खातं पुन्हा उघडणं एका टिचकीचं काम. पण मग अख्खं इस्पितळ मेलेल्या बाईच्या भरवशावर चाललंय, हे साहेबांना सांगावं लागलं असतं. त्यांनी गुपचूप नवं खातं काढलं आणि एकेक कपाट त्यावर हलवायला घेतलं. वॉर्डांमागून वॉर्ड झाले. अतिदक्षता विभाग तेवढा उरला, आणि तिथूनच फोन आला.

"काका, कपाट हूं की चूं करत नाही! पेशंट निळा पडतोय हो!"

खातेभाऊंनी टिचकी मारली. बायको पुन्हा कामावर हजर झाली.

"उघडलं!" फोन तिकडे तसाच पडला. पळणारी पावलं, काचेचा आवाज, मग काहीच नाही. ते रिसीव्हर कानाला दाबून बसले. आपल्याच नियमाची इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. बऱ्याच वेळानं लांबून कुणीतरी म्हणालं, "आला. रंग आला."

त्यांनी शेवटचं कपाट हलवलं आणि तिचं खातं स्वतःच्या हातानं बंद केलं.

साहेब दात कोरत आले. "काय, ओरडलं का कुणी?"

"एकदाच. अतिदक्षता विभागातून. चूक माझी होती, लिहून देतो." खातेभाऊंनी चष्मा पुसला. "आता नाही ओरडणार."

संध्याकाळी ते मागच्या दाराशी आले. रोजच्यासारखं खिशातलं जुनं, कडा झिजलेलं कार्ड काढून दाराला लावलं. दिवा लाल झाला.

"काका, ते बाईंचं कार्ड. तुमचं लावा की," वॉचमन म्हणाला.

"लावतो रे," खातेभाऊ म्हणाले, आणि तेच कार्ड त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिलं.