तपासणीची तिसरी फेरी

ऑफिसात सगळे त्याला तपासनीस म्हणत. काम सर्व्हर सांभाळायचं, पण नवाकोरा संगणक आला तरी आधी त्याच्याच टेबलावर. कंपनीची हमी गेली चुलीत. हा खिशातला पेनड्राइव्ह लावणार. त्यावर जगभरच्या लोकांनी लिहून फुकट वाटलेली, संगणक तपासायची सॉफ्टवेअर होती. एक रॅमला पिळून काढायचं, दुसरं डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायचं. पडद्यावर ‘पास’ उमटलं की स्वारी खूश.

हे वेड मूळचं बाबांचं. त्यांचं छपाईचं छोटं दुकान. हा शाळेत असताना दोघं जुन्या बाजारातून सुटे भाग आणत आणि जेवणाच्या टेबलावर पसरून जोडत. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घातली की तपासणी सुरू. आई आधी करवादायची, मग तिघंही ताटं मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत जेवायची. तेवढं सुखाचं जेवण नंतर कधी झालं नाही, असं त्याला अजून वाटतं.

म्हणून बाबांचा संगणक अक्षरं खातोय असा आईचा फोन आला, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी मोठ्या हौसेने दुकानात हजर झाला. एका शाळेच्या पत्रकात मुख्याध्यापकांचं नाव अर्धंच छापलं गेलं होतं आणि गठ्ठा परत आला होता. बाबा मशीनवर खार खाऊन होते. आईने त्याला बाहेर नेऊन हळूच सांगितलं, की परवा बाबांनी तिला दुकानातून फोन केला आणि घरी यायची वाट विचारली.

तो आत आला आणि पेनड्राइव्ह लावला. त्याने तपासणी लावली. रॅम पास. डिस्क पास. कीबोर्डची एकेक कळ बाबांकडून दाबून घेतली, तर पडद्यावरचा प्रत्येक चौकोन मुकाट्याने हिरवा झाला. कुठेतरी लाल दिसावं म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदाच देव पाण्यात घालून बसला होता. त्याने सगळं पुन्हा लावलं. मग पुन्हा.

बाबा मागे खुर्ची ओढून बसले होते.

“तिसऱ्यांदा लावतोयस,” ते म्हणाले.

“कधीकधी उशिरा सापडतं, बाबा. कीबोर्डच गेला असेल. नवा आणतो मी.”

“थापा मारू नकोस. पडदा वाचता येतो मला अजून.”

त्यांनी मशीन नीट बंद केलं, पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

“हे ठणठणीत आहे. आता डॉक्टरांकडे माझी वेळ घे. तू चल बरोबर, आई उगाच घाबरेल. आणि निकाल लागेल तो मला सांगायचा. गोड करून नाही.”

तो हो म्हणाला. पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि फोन काढून डॉक्टरांचा नंबर शोधू लागला.