वसीलाच्या गुडघ्यांची साक्ष

रमझानात स्फाक्समध्ये दुपारनंतर कुणी कुणाशी वाद घालू नये, हे वसीला लग्न होऊन या शहरात आली त्या वर्षीच शिकली होती. कॉफी नाही, सिगारेट नाही, आणि जो तो असा वागतो की रोजा जणू त्याला एकट्यालाच आहे. नेमक्या याच महिन्यात लुत्फीनं मोटारसायकल खोलायला काढली. बाकीचे अकरा महिने काय झोपला होतास, असं ती त्याला विचारणार होती, पण विचारलं नाही. बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, त्याला खालून ओरडलेलं ऐकू येत नाही.

गाडी जर्मन होती. दोघांचे केस काळे होते तेव्हा घेतलेली. अल्जीरियाच्या सरहद्दीपासून लिबियाच्या सरहद्दीपर्यंत एकही रस्ता तिनं सोडला नव्हता, आणि त्या प्रत्येक रस्त्यावर मागच्या सीटवर वसीला होती. हिला साखळी नसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला एक पोलादी शाफ्ट पोचवतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखा वळणारा एकेक जॉइंट असतो. त्यातला मागचा झिजला होता. हे लुत्फीच्या आधी वसीलाला कळलं. गेल्या उन्हाळ्यापासून वेग वाढला की तिच्या तळपायातून गुडघ्यापर्यंत मुंग्या चढायच्या. तिनं सांगितलं तेव्हा लुत्फी म्हणाला, "वय झालं तुझं." पुढे शाफ्ट खडखडायला लागला तेव्हा मात्र त्याला आपलं बोलणं आठवेना.

मुलगा अनीस कधीपासून म्हणत होता की विकून टाका. त्यानं सूस शहरातला एक हॉटेलवाला गाठून ठेवला होता. तो गाडी धुऊनपुसून हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार होता. लुत्फी तीन दिवस अनीसशी बोलला नाही, आणि मग बापलेकांनी घरच्या बाईला न विचारता आपसात ठरवून टाकलं.

"ईदच्या आधी दुरुस्त करून महरेसपर्यंत नेऊन आणा, बाबा," अनीस म्हणाला. "धड चालली तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही चालली, तर ईद झाली की सूसचा टेम्पो येईल."

"धड चालली की नाही हे कोण ठरवणार? तू?"

"उम्मी ठरवेल. मागे तीच बसते. आणि उम्मी खोटं बोलत नाही, रोजा असताना तर नाहीच नाही."

वसीला कांदे चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली. तिला गाडी नकोच आहे असं अनीस धरून चालला होता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. पाठ मोडते, केसांत धूळ जाते, या वयात लोक हसतात, असं ती इतकी वर्षं बोलत आली होती. मनातलं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सीटवर बसलं की चूल नाही, पाहुणे नाहीत, कुणाचं दुखणंखुपणं नाही. पुढे लुत्फीची पाठ आणि दोन्हीकडे मैलोन्‌मैल ऑलिव्हची झाडं. जगात तेवढी एकच जागा होती जिथे तिला कुणी काही मागत नसे. ती जागा आता हॉटेलच्या दारात जाणार होती.

काम उस्ता तिजानीकडे गेलं. त्याचं लेथ मशीन आणि त्याची जीभ, दोन्ही गावात प्रसिद्ध. बनवणाऱ्यांनी तो जॉइंट असा ठोकून बंद केला होता की दुरुस्तीची सोयच नाही. झिजला की अख्खा शाफ्ट फेका आणि नवा घ्या. "फेका म्हणे," तिजानी म्हणाला. "सासू म्हातारी झाली तर फेकता का?" त्यानं जुन्या जॉइंटमधला चार हातांचा क्रॉस कापून काढला, भोकं लेथवर मोठी केली, क्रॉस अडकवून ठेवणाऱ्या कड्या बसायला आत खाचा पाडल्या आणि ट्रॅक्टरच्या दुकानातून मापाचा क्रॉस आणून बसवला. यात आठवडा गेला, कारण रोज निम्मा वेळ लुत्फी त्याला मशीन कसं चालवावं ते सांगायचा आणि निम्मा वेळ तिजानी त्याला हाकलायचा. लुत्फी रोज इफ्तारला उशिरा, कपाळाला आठ्या घालून घरी यायचा. सूप गार, तळलेले कुरकुरीत बुरीक मऊ पडलेले, आणि वर "मीठ कमी आहे" हे असायचंच.

अखेर गाडी जोडून आली. दुसऱ्या दिवशी दोघं महरेसला गेली आणि परत आली. अनीस दारातच उभा होता.

"काय उम्मी, हलते का?"

लुत्फी हेल्मेट काढत नव्हता. काचेआडून तो तिच्याकडे बघत होता. नाही म्हणायला काय जात होतं? पण तोंड उपाशी होतं, आणि उपाशी तोंडानं तिला ते जमेना.

"हलते," ती म्हणाली. "आधीपेक्षा जास्त."

त्या संध्याकाळी लुत्फी ताटात बघून जेवला. दुसऱ्या दिवशीही. मीठ कमी आहे, हेसुद्धा म्हणाला नाही, आणि वसीलाला त्याचा जास्त संताप आला. साक्ष द्यायला तुम्हीच उभं करायचं आणि खरं बोललं की तोंडाला कुलूप.

शेवटच्या रोज्याच्या दुपारी ती ईदचा शरमूला ढवळत होती. कांदा आणि मनुका तासन्‌तास शिजवायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी खारवलेल्या माशाबरोबर खायला. गल्लीतल्या प्रत्येक घरातून तोच वास येत होता. ढवळता ढवळता तिला सूप आठवलं. गाडी जोडून झाली त्या दिवशी लुत्फी वेळेवर आला होता. अख्ख्या महिन्यात तेवढा एकच दिवस! इफ्तारची तोफ झाली तेव्हा तो दारात होता, मनगटापर्यंत ग्रीस, आणि सूप चुलीवर उकळत होतं.

तिनं गॅस बंद केला. अर्धा शिजलेला शरमूला तसाच टाकून बाई बाहेर पडली असं स्फाक्समध्ये सहसा घडत नाही. अंगणात बसलेल्या लुत्फीला तिनं बाहीला धरून उठवलं.

"गाडी ढकल. तिजानीकडे चल."

तिजानी शटर ओढतच होता. तिला बघून अदबीनं म्हणाला, "लल्ला वसीला, ईद मुबारक. आता जे काय असेल ते ईदनंतर."

"ईदनंतर टेम्पो येतो. मला आधी सांगा, शाफ्ट आत घातला तेव्हा किती वाजले होते?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"तोफ व्हायची होती," तिजानी म्हणाला. "पण क्रॉस माझा चोख बसलाय हां. त्यात खोट काढाल तर—"

"खोट नाही काढत. विचारतेय. घातला कुणी?"

"यानं."

"मी नुसता ढकलला," लुत्फी म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू आला. "हा म्हणाला, घाल पटकन, घरी बायको वाट बघतेय."

"खुणेवर घाल म्हणालो. शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत दात्यांवर सरकतात, लल्ला. दोन्ही जॉइंटची तोंडं एका रेषेत यावी लागतात, नाहीतर चाक नाचतं. मी पांढरी रेघ मारून ठेवली होती."

"रेघ नव्हती."

"नव्हती कशी? मी स्वतः मारली."

लुत्फी ग्रीसच्या डब्याकडे बघत राहिला. "मी शाफ्ट रॉकेलनं धुतला होता," तो हळूच म्हणाला. "घाण होता."

"घाण होता!" तिजानीनं शटरवर हात आपटला. "आणि मग खुणेशिवायच घातलास?"

"मला वाटलं तू बघतोयस."

"मी हात धूत होतो."

"शाबास," वसीला म्हणाली. "एकानं खूण धुतली, दुसऱ्यानं हात धुतले, आणि माझे गुडघे महरेसपर्यंत नाचले. उघडा ती."

"आत्ता? तोफेला तास उरलाय. तासाभरात होणार नाही हे."

तिनं एक खोका पालथा घातला आणि त्यावर बसली. "तर मग मी रोजा इथेच सोडते. तुझ्या घरी सांग, दोन ताटं जास्त मांडायला. उद्याही इथेच आहे मी."

तिजानीनं शटर वर ढकललं. पुटपुटत, शिव्या गिळत (रोजा होता म्हणून गिळत), त्यानं मागचं चाक काढलं. शाफ्ट बाहेर आला. एक तोंड उभं, दुसरं तिरकं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. लुत्फी खाली बसला आणि त्यानं पहिल्यांदा बायकोच्या गुडघ्यांकडे बघितलं.

पुन्हा जोडायला वेळ लागला. लुत्फीनं दोन्ही तोंडं एका रेषेत धरून ठेवली, तिजानी दाते एकेक करत सरकवू लागला, आणि तेवढ्यात तोफ झाली. रस्त्यावर धावपळ झाली, शेजारचा सुतार दिवा न विझवताच पळाला. हे दोघं हलले नाहीत. हात सोडला असता तर शाफ्ट पुन्हा फिरला असता. वसीलानं पर्समधून खजुराची पुडी काढली. एक खजूर तिजानीच्या तोंडात घातला, एक लुत्फीच्या. लुत्फीनं बी जिभेवर घोळवली आणि हात जागचा न हलवता म्हणाला, "गोड आहे."

"खा गुपचूप," ती म्हणाली. त्यानंतर तिनं स्वतःचा रोजा सोडला.

ईदच्या सकाळी शरमूला तळाशी लागलेला होता. अनीसनं नाक मुरडलं, तरी खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोघं मेदनीनला, वसीलाच्या बहिणीकडे, मबरूकाकडे निघाली. अनीस म्हणाला होता, "महरेस नको आता, वाटेत गाबेसला पोचलात की उम्मीनंच फोन करावा. ती म्हणेल ते मला कबूल."

गाडी पाण्यासारखी चालली. गाबेस जवळ आलं तसा लुत्फीनं वेग वाढवला, आणि तिला ते जाणवलं: तळपायाशी अगदी बारीक मुंगी. शाफ्टची नव्हती. टायरची असेल, रस्त्याची असेल, किंवा आता खरोखरच तिच्या वयाची असेल. पण होती.

पेट्रोलपंपावर तिनं फोन लावला. लुत्फी शेजारी उभा होता, हेल्मेट हातात.

"काय उम्मी?" अनीसनं विचारलं. "खरं सांग हां. हलते का जरा तरी?"

"नाही," वसीला म्हणाली. "अजिबात नाही. सूसवाल्याला नको म्हणून कळव." तिनं फोन पर्समध्ये टाकला.

लुत्फी तिच्याकडे बघतच राहिला. हँडलवर त्यालाही ती मुंगी लागली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"वसीला, तू खोटं बोललीस."

"रमझान संपला," ती म्हणाली. "बस लवकर. मबरूका वाट बघतेय."