मधलं नाव

ही गोष्ट २०२३ सालची. टेंभुर्णीच्या शाळेत तेव्हा दर रविवारी विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरायचं. घरदार आणि शेती सांभाळून बी.ए. करणाऱ्या बायका तिथे यायच्या, आणि मी, निवृत्त मास्तरीण, त्यांना मराठी शिकवायची. केंद्राचं कामकाज दीपमाला बघायची. पुंजाराम गुरुजींची ही धाकटी लेक. गुरुजी आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने मोबाइलवरचं ॲप आणलं. ते बनवणारा सूरज नावाचा तरुण शहरातून आला. त्याने आमचे गट पाडले होते: दृष्टिहीन, ज्येष्ठ, ग्रामीण महिला, नोकरदार. मला न विचारता ज्येष्ठांत टाकलं, तिथेच माझं त्याच्याशी बिनसलं. त्याच्याबरोबर मंठ्याचा राजानंद होता. त्याला दिसत नव्हतं. ॲप कानाने वापरता येतं का, हे तपासायचं काम त्याच्याकडे होतं.

टाइप करता न येणाऱ्यांसाठी सूरजने एक सोय केली होती. पहिल्या दिवशी आपलं पूर्ण नाव बोलून आवाज भरायचा; मग रोज तेच नाव बोललं की फोन आवाज ओळखतो आणि उघडतो. अभ्यास, सूचना, परीक्षेचं हॉलतिकीट, सगळं त्यातच.

मला ते पटलं नाही. माझ्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता, ग्रामपंचायतीचा. संध्याकाळी सगळे त्याच्यापुढे बसायचे. पण तो नुसता बोलायचा, कुणाचं ऐकत नसे. हा ऐकणारा फोन आणखी काय काय ऐकून ठेवत असेल, कोण जाणे.

मग दुसरीच गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. केंद्रातल्या बायका दिवेलागणीला दीपमालाच्या ओट्यावर जमायच्या. फोन मधोमध, डोकी जवळ. मी वाटेने दिसले की सगळ्या गप्प.

"काय चाललंय गं?" मी एकदा विचारलं.

"काही न्हाई बाई, अभ्यास करून राह्यलो," शालू म्हणाली. पुस्तक एकीच्याही हातात नव्हतं.

शालू म्हणजे धर्मराज गाडेकरची बायको. तिचं शेवटचं वर्ष होतं आणि नोंदणीची मुदतही संपत आली होती. ही परीक्षा हुकली तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. द्वारकाबाईने, म्हणजे तिच्या सासूने, एकदा शिकू दिलं. पुन्हा देईल याची शालूला खात्री नव्हती.

परीक्षा तोंडावर आली आणि सात बायकांची हॉलतिकिटं अडकली. त्यांत शालूचंही होतं. सूरज राजानंदला घेऊन पुन्हा आला.

"सात खाती आणि आवाज एकच," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "मशीननं पकडलंय. मॅडम, ही दीपमाला खोटे विद्यार्थी चालवते. परीक्षेला डमी बसवणार."

मला ओटा आठवला. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहिणारे मी पाहिलेले होते. चाळीस वर्षं परीक्षांवर देखरेख केली. पुंजारामची लेक असं करेल का? पण करणारे सगळे कुणाची तरी लेकरं असतातच.

"दीपमाला, तू या बायकांच्या खात्यावर बोललीस का?" मी विचारलं.

"थोडी मदत केली, बाई."

"कसली मदत?"

तिने शालूकडे पाहिलं. शालूने मान खाली घातली. दीपमाला पुढे बोलली नाही, आणि माझा संशय पक्का झाला.

"आत्ताच बघू," सूरज म्हणाला आणि त्याने शालूपुढे फोन धरला. द्वारकाबाई सुनेबरोबर आली होती. ती भिंतीला टेकून सगळं निरखत होती. फोन बोलला, कृपया आपले पूर्ण नाव सांगा.

"शालू," ती म्हणाली आणि थांबली. पदर सावरला. सासूकडे एक चोरटी नजर टाकली. मग घाईने म्हणाली, "गाडेकर."

आवाज जुळला नाही, असं फोनने सांगितलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बघितलंत?" सूरज म्हणाला. "स्वतःचं खातं उघडता येत नाही."

"तुमचं मशीन आडमुठं हाय," द्वारकाबाई म्हणाली. "पोरगी बोलून तर राह्यली."

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते थांबणं राहिलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मतदारयादीच्या कामाला खेडोपाडी हिंडले होते. नवऱ्याचं नाव विचारलं की दारातली बाई अशीच थांबायची. पदर सावरायची आणि शेजारणीला पुढे करायची. शेजारीण नाव सांगायची, मी लिहून घ्यायची. मी स्वतः शाळेच्या पहिल्या सहीलाच नाव न घेण्याची ती रीत सोडून दिली होती, म्हणून इतका वेळ ध्यानात आलं नाही.

"राजानंद," मी म्हणाले, "पहिल्या दिवशी भरलेला आवाज आहे ना तुमच्याकडे? शालूचा लाव. नीट ऐक."

त्याने फोन कानाशी धरला, दोनदा ऐकलं आणि हसला.

"सर, ह्या दोघी हायत. 'शालू' एकीचं, 'धर्मराज' दुसरीचं, 'गाडेकर' परत पहिलीचं."

त्याने बाकीच्यांचे आवाजही ऐकले. सगळीकडे तेच. पहिलं आणि शेवटचं नाव जिचं तिचं, मधलं दीपमालाचं. फोनने दोघींचा मिळून एक आवाज धरला होता. म्हणून रोज दीपमालावाचून तो उघडत नव्हता, आणि म्हणून तो ओटा.

"आजकाल कोण असं करतं?" सूरज म्हणाला.

"बघा, म्हणूनच सांगितलं न्हाई," दीपमाला म्हणाली. "शहरातली माणसं हसतील म्हणून यांनी मला शपथ घातली. आमच्यात आई बाबांना नावानंच हाक मारती, मला काय जड?"

"एकटी असते तर मी बी म्हणले असते," शालू हळूच म्हणाली. "पण घरात एकटी असते कधी?"

सूरज द्वारकाबाईकडे वळला. "आजी, मुलाचं नाव तुम्ही घेता ना? मग तुम्हीच का नाही सांगितलं?"

"धर्मराज, धर्मराज, धर्मराज. मीच ठेवलं ते नाव," द्वारकाबाई म्हणाली. "मला कुणी इचारलं का?"

मग तीच म्हणाली, "तिला तिच्या मायचं नाव इचारा की. ते कशाला आडतंय?"

 सूरजने तिथेच शाळेच्या बाकावर बसून विद्यापीठात फोन लावला. सगळ्या बायकांचे आवाज नव्याने भरले. पूर्ण नावाऐवजी ज्याला जे बोलायचं ते बोलावं, असं ठरलं. शालूने आईचं नाव आणि माहेरचं गाव सांगितलं. फोन उघडला. हॉलतिकिटावर छापलं होतं, शालू धर्मराज गाडेकर. ते तिने बोटाने वाचलं, तोंडाने नाही.

शालू पास झाली. आता ती जाफराबादला एका संस्थेत नोकरी करते, बसने जाते-येते. द्वारकाबाई गेल्या वर्षी वारली. तिच्या नवऱ्याचं नाव शेवटपर्यंत मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. दीपमालाने पुढच्या वर्षी केंद्र सोडलं. मी संशय घेतला हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण रस्त्यात भेटली की घाईत असते. राजानंद आता सूरजच्या जागेवर आहे. सूरज पुण्याला गेला. त्याच्या लग्नाची पत्रिका मला आली होती.

मी अजून ज्येष्ठांतच आहे. माझ्या फोनवर ते ॲप आहे, पण मी त्याच्याशी बोलत नाही. बोटाने उघडते.