कुंदाच्या डोळ्यातलं काजळ

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझं झाकण उघडलं, तिथूनच हे सुरू झालं. मी सावद्याच्या लताची पितळी काजळाची डबी बोलतेय.

लताच्या रुखवतात मी आले. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, त्यात थेंबभर तूप, एवढंच माझ्या पोटात. गल्लीत बाळ जन्मलं की मला मागून न्यायचे.

लताची कुंदा दीड वर्षाची असताना तिच्या डाव्या डोळ्यात मांजरीसारखी चमक दिसायला लागली. आत कॅन्सरची गाठ निघाली. सत्त्याऐंशी साली मुंबईला नेऊन विजेचे शेक, म्हणजे किरणांचे उपचार, दिले. गाठ विरली, डोळा वाचला. डॉक्टरांनी बजावलं, औषधाच्या थेंबांशिवाय डोळ्यात काही घालायचं नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. वर्षभर सगळं पाळलं. मी फळीवर बंद. मग पोर खेळायला लागली आणि मुंबईला जाणं राहिलं.

पण त्या डोळ्याच्या पापण्या झडल्या होत्या. डोळा कोरडा पडायचा, कुंदा सारखी चोळायची.

त्या मंगळवारी वरणगावला नात्यातलं लग्न होतं. सासू शेवंताबाई म्हणाल्या, "अवं, पोरीचा डोया कसा बोडका दिसतो! लोकं काय म्हनतीन? जरासं काजय लाव."

लताचा हात थांबला, पुन्हा पुढं आला. काजळानं पापण्याही येतील, असं तिला वाटलं. तिनंच बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी डोळा उघडेना. लालभडक. ओल्या कापसानं पुसताना लताला बुबुळात पांढरं दिसलं. गाठ परत आली?

"काजयाचं सांगू नको वं, डॉक्टर वरडतीन," सासूबाई म्हणाल्या.

जळगावपर्यंत एस.टी.त मी लताच्या मुठीत होते. मूठ घामेजलेली. दर थांब्याला ती कुंदाच्या तोंडावरचा पदर उचलून बघायची, पुन्हा झाकायची.

तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरांना तिनं शेकाचं सगळं सांगितलं आणि मला टेबलावर ठेवलं. "हे मीच घातलं."

त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं. "शेकानं डोळ्याचं पाणी आटतं, बाई. कोरड्या डोळ्यात काजळाचा कण गेला, तिनं चोळला, जखम झाली. पांढरं दिसतं तो मोतीबिंदू. तोही शेकामुळं मागाहून येतो. गाठ दिसत नाही, तरी मुंबईला दाखवा. चार दिवस घरी बसला असतात, तर डोळा गेला असता."

आता जखम भरतेय. मुंबईलाही दाखवून आले, गाठ परतलेली नाही. बुबुळावर फिकट डाग राहिलाय. मोतीबिंदू काढल्यावर किती दिसेल, कुणी सांगत नाही. लता रोज कुंदाचा उजवा डोळा तळव्यानं झाकते, विचारते, "आई कुठंय?" कुंदा कधी बरोबर बोट दाखवते, कधी भिंतीकडे.

काल शेजारच्या सुनंदाबाई नातवासाठी मला मागायला आल्या. शेवंताबाईच आडव्या आल्या. "नही वं. डबी नको नेऊ."

मी घरोघर फिरलेली. आता मला नेऊ नका, माझा निरोप न्या. शेक घेतलेल्या लेकराचा डोळा बरा दिसला तरी दाखवणं सोडू नका, काजळ घालू नका. लाल झाला, पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी निघा. तुमच्या गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याच्या आईच्या कानावर एवढं घाला.