हसण्याची उतरंड

आमच्या कचेरीत साहेबांच्या विनोदाला नुसतं हसून भागत नाही. हुद्द्याप्रमाणे इंग्रजी शब्दही म्हणावा लागतो. दर सोमवारच्या बैठकीत साहेब विनोद सांगून थांबले, की खालच्या खुर्चीपासून सुरुवात होते. टायपिस्ट 'फनी' म्हणते, हिशेबनीस 'ह्यूमरस', मी 'अम्यूझिंग'. 'हिलॅरिअस' फक्त उपव्यवस्थापकांचा. अम्यूझिंगला गालातल्या गालात हसायचं, हिलॅरिअसला पोट धरायचं. पायरी सोडून कोणी हसलं, की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात.

उपव्यवस्थापक निवृत्त झाले. त्यांचं निम्मं काम मीच ओढत होते, त्यामुळे ती खुर्ची माझीच, असं सगळे धरून चालले होते. मला ती हवीच होती. सासूबाई रोज दार उघडताना विचारायच्या, "काय गं, झालीस का हिलॅरिअस?" आरशासमोर पोट धरून हसायचा सरावही मी केला. हसू नका, खरंच केला.

सोमवारी साहेब घसा खाकरून म्हणाले, "उद्यापासून उपव्यवस्थापक म्हणून माझा भाचा येतोय. कामाचा अनुभव नाही त्याला. तुम्ही शिकवालच, बाई."

आणि थांबले.

सवय वाईट. टायपिस्ट म्हणाली, "फनी, सर!" हिशेबनीस चाचरत म्हणाला, "ह्यूमरस." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"रिडिक्युलस!" मी म्हणाले. म्हणजे, जगात हसं व्हावं इतका मूर्खपणा. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी नेमका शब्द वापरला होता.

हिशेबनीसाने डोळे मिटून घेतले. साहेबांचा चेहरा मात्र खुलला. त्यांचं इंग्रजी बेताचं. ते शब्दाचा अर्थ नाही, ऐट बघतात.

"वा, बाई! हा तर हिलॅरिअसच्याही वरचा दिसतोय. मग तो उपव्यवस्थापकांनाच शोभेल."

आता दर सोमवारी भाचा पोट धरून मामांच्या तोंडावर "रिडिक्युलस!" म्हणतो, मामा कृतार्थ होतात, आणि आम्ही सगळे मनापासून माना डोलावतो.

सासूबाई म्हणाल्या, "तेलही गेलं, तूपही गेलं." खुर्ची गेल्याचं दुःख होतंच. पण आयुष्यात एकदाच खरं बोलले होते, तेही काढून घेतलं, हे जास्त लागलं.

भाच्याला आधी तो शब्द नीट म्हणता येत नव्हता. मीच शिकवला.