कोडोलीच्या आईचा अंगठा

माईकच्या तोंडावरचा तो नारिंगी स्पंज... आधी बोलून गेलेल्या कुणाच्या तरी तोंडाचा वास त्यात मुरलेला होता, तंबाखू आणि वेलदोडा एकत्र, आणि अक्षताला नेहमीसारखं तो नाकाशी धरूनच उभं राहायचं होतं. अठरा वर्षं पक्षाच्या सभांचं सूत्रसंचालन करून जिल्ह्यातले सगळे पुढारी तिला तोंडाच्या वासावरून ओळखता आले असते. कोण सडकी दाढ घेऊन सरकारवर तुटून पडतो, कोण दोन घोट मारून लोकशाही वाचवायला येतो. हॅलो, हॅलो, माईक चेक. एप्रिलमधले दुपारचे साडेचार, दसरा चौकातल्या मैदानावर मांडव अर्धा आणि ऊन पुरं, लोकसभेच्या प्रचाराची ही पहिली मोठी सभा. स्टेजवर सोळा खुर्च्या आणि मध्ये एक सोफा होता. सूत्रसंचालकाला खुर्ची नसते.

सोफ्यावर क्रांती बसली होती. उमेदवार. हिरव्या काठाची सुती साडी — ही साडी तिला कुणीतरी निवडून दिली असणार, साधी दिसायला हवी म्हणून, आणि दिसतही होती मेली साधी आणि सुंदर — आणि मांडीवर चार कागद, दोन घड्या घातलेले. ते कागद अक्षता इथूनही वाचू शकत होती, कारण ते तिनेच लिहिले होते. दोन दिवस शिकवणीची पोरं परत पाठवून, एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघून, श्वास कुठे घ्यायचा तिथे तांबड्या पेनाने रेघ मारून...

काय करणार, क्रांती स्वतः घरी आली होती. तिकीट जाहीर झालं त्याच संध्याकाळी, मागे ना गाडीचा ताफा ना कार्यकर्ते, एकटीच, हातात पेढ्यांचा पुडा. “अक्षे, तूच लिही बाई. तुझ्यासारखं मला येत न्हाय, म्हाईत हाय की तुला.” माहीत आहे! माहीत नसायला काय झालं? कॉलेजात तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात पहिला नंबर अक्षता कांबळेचा, दुसरा क्रांतीचा, आणि दरवेळी निकाल लागला की दुसरी आलेली ही पोरगी धावत येऊन पहिलीला मिठी मारायची — खरी मिठी, हाडं मोडतील अशी. मला जमलं असतं का ते? मी दुसरी आले असते तर? अक्षताला त्या वयातही त्या मिठीचा राग यायचा. हिचं मन एवढं मोठं कसं, असं वाटायचं. आज कळतं, घरी ऊस होता, वाडवडिलांचं नाव होतं, दुसरी येणं तिला परवडत होतं. मला पहिलंच यावं लागायचं.

मग क्रांती हंबीररावांच्या घरात सून म्हणून गेली. हंबीरराव म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन, पक्षाचे जिल्हाध्यक्ष. उभा राहणार होता त्यांचा मुलगा धैर्यशील, पण वरून सर्व्हे आला आणि सर्व्हेत सूनबाईंचं नाव पुढे निघालं. अठरा वर्षांत क्रांतीने एक निषेधाचं निवेदन लिहिलं नव्हतं. महागाईच्या मोर्चात ती कधी उन्हात चालली नव्हती. अक्षताने महापालिकेच्या तिकिटासाठी अर्ज केला होता तेव्हा हंबीरराव किती मायेनं म्हणाले होते, “ताई, तुम्ही आमच्याच की ओ. पण तुमचा वॉर्ड राखीव न्हाय न्हवं.” पुढे वॉर्ड राखीव झाला, तेव्हा तिकीट दुसऱ्याच कुणाला गेलं. चौदा एप्रिलला मात्र हाराला हात लावायला आमच्या अक्षताताई. सगळ्यात पुढे.

जळते मी. खोटं कशाला बोलायचं? माझ्या पोटात दुखतं तिच्याकडे बघितलं की, अगदी खरंखुरं, बरगडीखाली.

“अक्षताबाई,” हंबीरराव मागून वाकून कुजबुजले, “साहेबांची हातकणंगल्याची सभा लांबली. पाऊण तास लागंल. तवर सूनबाईस्नी उभं करून चालणार न्हाय, त्यांचं भाषण साहेबांच्या म्होरं व्हायला पायजे. धरून ठेवा सभा तुम्ही.”

सभा धरून ठेवणं. ह्या कामात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं घोषणा दिल्या, दोन शेर टाकले, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या — पन्हाळ्याहून आलेले, कोडोलीहून आलेले — ज्याचं नाव वाचावं तो मान ताठ करून चहूकडे बघे. पण ऊन भारी होतं. माणसं उठून कडेच्या रसाच्या गाड्यांकडे सरकायला लागली, मागच्या खुर्च्या उघड्या पडू लागल्या, आणि सोफ्यावरून क्रांती पदराने वारा घेत तिच्याकडे बघून हसली. बिचारीला वाटत होतं अक्षता आहे म्हणजे काळजी नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, तिला आई दिसली. बायडाबाई. सत्तरीची, डोक्यावर पदर, कोडोलीच्या ट्रॅक्टरमधून बायकांबरोबर आलेली. पक्षाची सभा असली की ती यायचीच, लेक माईकवर असते म्हणून. ती उठली नव्हती. दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून लेकीकडे बघत बसली होती.

“एक गोष्ट सांगते तुम्हाला,” अक्षता म्हणाली, “आमच्या कोडोलीची.”

एवढंच सांगायचं होतं, दोन मिनिटांपुरतं. कागदावर, दुसऱ्या पानावर, तिने लिहिलं होतं — ‘कोडोलीच्या एका आईचा अंगठा’. क्रांतीच्या तोंडी बसावं म्हणून ‘एका’. जन्मभर शेतातल्या तणाची भांगलण करून त्या आईच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत, रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही, मशीन म्हणतं ही बाई ही नव्हेच, आणि तीन महिने झाले ती रिकामी पिशवी घेऊन परत येते... लिहिताना अक्षता रडली होती. रडून झाल्यावर तिने तो परिच्छेद दुसरीच्या तोंडात बसेल असा कापून, शिवून दिला होता.

“माझ्या आईचा अंगठा,” ती माईकमध्ये म्हणाली.

आणि ते ‘माझ्या’ म्हटल्याबरोबर काहीतरी सुटलं. आवाज खाली आला, ओरडायची गरजच उरली नाही. रसाच्या गाड्यापाशी एक माणूस ग्लास तोंडाशी नेता नेता थांबला, तो तिला स्वच्छ दिसला. तिने मशीनचं सांगितलं, दुकानदाराचं ‘आजी, उद्या या’ सांगितलं, आईने अंगठा कसा चुन्याने, मग तेलाने, मग नुसत्या थुंकीने घासून बघितला ते सांगितलं. लोक हसले आणि हसता हसता गप्प झाले. आता थांब अक्षे, आता चिठ्ठ्या वाच — आत कुणीतरी म्हणत होतं, आणि तिला ते ऐकू येत होतं, नाही कसं, स्पष्ट येत होतं. पण तिसऱ्या पानाचं पहिलं वाक्य जिभेवर आलेलंच होतं. ते तिचं होतं. खताचे भाव तिचे होते, भरती रखडलेली पोरं तिची होती, शिकवणीत समोर बसायची ती. तांबड्या रेघा तिच्याच श्वासाच्या होत्या. कुणाचं काय चोरते आहे मी? माझंच तर घेते आहे!

मागच्या खुर्च्या परत भरल्या. चौथं पान आलं, शेवटचं. आता हे तरी ठेव तिला, एवढं तरी... आणि तिने तेही घेतलं.

“ज्या सरकारला माझ्या आईचा अंगठा ओळखता येत नाही, त्या सरकारला मतदानाच्या दिवशी माझ्या आईचं बोट ओळखावं लागेल!”

मग कडेने एक शिट्टी आली आणि सगळं मैदान उठलं. बायका उभ्या राहिल्या, कुणी टोप्या उडवल्या, आणि अक्षताच्या अंगावर तो आवाज आला तेव्हा तिला वाटलं, हेच होतं. अठरा वर्षं हेच होतं, आणि मी ते लोकांना बोलावून बोलावून त्यांच्या हातात देत राहिले.

मग तिने मागे वळून बघितलं.

क्रांती कागद चाळत होती. पहिला मागे, दुसरा मागे, तिसरा, मग पुन्हा पहिला... परीक्षेत सगळे प्रश्न अनोळखी आलेल्या पोरीसारखी. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि अक्षताला बरं वाटलं. तिने ते बरं वाटणं दाबून बघितलं, ते दबेना.

लांबून सायरन ऐकू आला. साहेब पोचले. हंबीररावांनी हाताने खूण केली, लवकर, लवकर. अक्षताने पल्लेदार नाव घेतलं — आपल्या सर्वांच्या लाडक्या, उच्चविद्याविभूषित, लोकसभेच्या उमेदवार — एकही विशेषण गाळलं नाही. बघू आता, असं तिच्या मनात होतं. बघूच.

क्रांती उठली. कागदांच्या घड्या घालून तिने ते अक्षताच्या हातात दिले. “ठेव गं,” एवढंच म्हणाली, हळू, आणि माईक स्टँडवरून काढून घेतला.

“बायडाआई कुठं हाईत?” तिने मैदानाला विचारलं. “मी ह्यांच्या घरात भाकरी खाल्लीया. कॉलेजात असताना. कुठं बसलाय, आई?”

आणि ती पायऱ्या उतरून खाली गेली. पोलीस गडबडले, फोटोवाले मागे धावले. बायकांच्या रांगा फाकल्या, आणि तिसऱ्या रांगेत, धुळीत गुडघे टेकून, क्रांतीने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. माईक हातातच होता, त्यातून आधी नुसताच श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, “मला अक्षतावानी भाषण येत न्हाय. ह्या आईला रेशन मिळंल तवाच मी पाया पडाय परत येईन. बास.”

बास! त्या ‘बास’वर जो आवाज उठला त्यापुढे आधीचा आवाज काहीच नव्हता. साहेब पायऱ्यांपाशी येऊन थांबले होते आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. नाटक आहे, अक्षता स्वतःला सांगत होती, नाटकी मेली, कॅमेरे बघून गेली खाली... पण तिने क्रांतीला वीस वर्षं बघितलं होतं, आणि ती खरी कधी असते हे तिला जगात सगळ्यात जास्त कळत होतं. ही तीच मिठी होती. हाडं मोडतील अशी.

सभा संपल्यावर गर्दीतून वाट काढत क्रांती तिच्यापाशी आली. अक्षताने उत्तर तयार ठेवलं होतं, दोन-तीन उत्तरं होती. वेळ काढायचा होता, ओघात आलं, तुझ्या सासऱ्यांनीच सांगितलं. घाल शिवी, विचार मला, एकदा तरी विचार.

“अक्षे, वाचवलंस बघ,” क्रांतीने तिचे दोन्ही हात धरले. तिचे तळवे अजून घामाने ओले होते. “चार पानं मला पाठच झाली नव्हती. माझं काय झालं असतं गं?” मग कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मी अपराधी ठरायचीसुद्धा सोय ठेवली नाही हिने.

रिक्षात आई मिटल्या तोंडाने हसत होती. आज ती लेकीकडेच मुक्काम करणार होती. व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा तिच्याने राहवेना.

“समद्या लोकांत पाय धरलं पोरीनं माझं. एवढ्या मोठ्या घरातली ती!”

“व्हय.”

“तूबी झ्याक बोललीस.”

तूबी. वीस वर्षांनी दुसरा नंबर आला आणि तो आईने दिला.

“अक्षे,” आई जरा वेळाने म्हणाली, आता न हसता, “येतंय न्हवं ह्या बारीला आपलं? लोकं काय म्हंत्यात? न्हाय म्हंजे, असंच चाललं तर मी खायाचं काय गं?”

हा प्रश्न अठरा वर्षं रोज कुणी ना कुणी विचारत आलं होतं, आणि ‘येणार की!’ हे उत्तर तोंडात तयारच असायचं, पडलो तेव्हासुद्धा, अनामत गेली तेव्हासुद्धा. कारण विचारणाऱ्याइतकंच तिलाही ते हवं असायचं. तिने तोंड उघडलं. पण त्या उत्तराऐवजी निकालाचा दिवस डोळ्यांपुढे आला... मतमोजणीचं केंद्र, गुलाल दुसऱ्या बाजूचा, आणि क्रांती मान खाली घालून गाडीत बसते आहे. सरकार तेच, मशीन तेच, दुकानापुढची रांगही तीच. आणि ते सगळं बघताना बरगडीखालचं दुखणं थांबलं होतं. दुपारपासून पहिल्यांदा, अगदी शांत. अक्षता घाबरली. तिने ते चित्र पुसून दुसरं आणायचा प्रयत्न केला, आपला गुलाल, आपली मिरवणूक, पण त्यात उघड्या जीपमध्ये क्रांती उभी होती आणि दुखणं जागच्या जागी परत आलं.

तिने पुन्हा पहिलं चित्र आणलं.

“काय गं?” आई म्हणाली. “सांग की, येतंय न्हवं?”