कमरेतली फट

सहामाही परीक्षा. इयत्ता आठवी. विषय चित्रकला. वेळ एक तास.

ही प्रश्नपत्रिका मी तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. दोन कागद फाडले. का, ते शेवटच्या प्रश्नात येईल.

प्रश्न १. नावे झाकलेली चित्रे पाहून शैली ओळखा. (गुण ५)

हा सगळ्यांना येईल. समुद्राकाठच्या नरपडहून तलासरीच्या पुढे या आश्रमशाळेत मी रोज येते ती हेच शिकवायला. चित्राखालचं नाव अंगठ्याने झाकते आणि विचारते. बोटभरही जागा रिकामी सोडलेली नाही, ती मधुबनी. डोळा मासोळीसारखा लांब आणि बाई कडेने बघते, ते राजस्थानी लघुचित्र. "आणि हे?" म्हटलं की "आमचं!" असा एकदम ओरडा होतो. मग मी फळ्यावर नियम लिहीत असे : वारली. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक जोडलेले.

'जोडलेले' खाली दोन रेघा मारत असे.

प्रश्न २. वर्गातल्या चित्रांवरून हात ओळखा. (गुण ५)

शैली कळली की हात कळायला लागतो. मुलांचेच कागद नाव न घालता मी दोरीवर टांगते. सुनिलचे बैल आखूड पायांचे. बुधी रंगाची बांबूची काडी इतकी दाबते की कागद फाटतो. एकदा पोरांनी माझाच कागद गुपचूप मध्ये लावला.

"ही हेमांगी बाईंची रेघ," सुनिल म्हणाला. "कोळंबीसारखी वाकडी."

"मच्छीच्या गावची रेघ आहे, सरळ कशी येईल?" मी म्हटलं. वर्ग हसला. बुधीसुद्धा.

गेल्या शनिवारी ती हसली नाही. डहाणूच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच चित्र जाणार होतं आणि दोरीवर तिचं चित्र सगळ्यांत वर होतं. भातलावणीला निघालेल्या सहा बाया. रेघ केसासारखी बारीक. कागद कुठेही फाटलेला नाही. आणि बायांच्या कमरेत, जिथे दोन त्रिकोण भेटायला हवेत, तिथे बारीकशी फट.

"हा बुधीचा हात नाय, बाई," सुनिल म्हणाला. "कुणाकडून तरी काढून आणलंय."

"चोर!" मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांना दिसलं, कारण बघायला मीच शिकवलं होतं. प्रदर्शनाच्या फॉर्मवर सही मला करायची होती : काम विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे.

"बुधी, खरं सांग. कोणी काढलं?"

"काडी मीच धरली."

"आणि हात?"

"आयसचा."

तिच्या आईला, नवशीला, जाऊन दोन पावसाळे झाले होते.

प्रश्न ३. चूक शोधा. (गुण नाहीत)

हा मुलांना विचारणार नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्गाची मागची भिंत रंगवायला मी नवशीताईला बोलावलं होतं. तिने भिंतीवर गेरू दिला, तांदळाचं पीठ कालवलं, बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून मऊ केलं आणि खिडकीजवळ सहा बाया काढल्या, एकीमागे एक. सगळ्यांच्या कमरेत फट.

"नवशीताई, कमरा जोडायच्या राहिल्या."

"राहिल्या नाय, ठेवल्यात. जोडली का जीव येतो. जीव आला का बाई भिंतीवर ऱ्हाते होय? चालू लागते."

मी हसले. समोर फळ्यावर माझा नियम होता आणि मुलं बघत होती. मी तिच्या हातातून काडी घेतली आणि शेवटच्या बाईची कंबर जोडून टाकली. एकच ठिपका.

तिने बोटाने बाया मोजल्या आणि सहावीवर बोट थांबवलं. पंधरा दिवसांनी तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली.

तापाने गेली. मला माहीत आहे, ताप होता.

प्रश्न ४. निरीक्षण करा. (गुण १०)

बुधीच्या कागदावर पाच बायांच्या कमरेत फट होती. सहावीच्या नव्हती, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. सहावी रांग सोडून पार कडेला गेली होती.

"ही एवढी लांब का?"

बुधीने माझं मनगट धरलं आणि मला मागे वळवलं. दोन वर्षं मी वर्गात येऊन थेट फळ्याशी जायची. त्या भिंतीकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

खिडकीजवळ पाच बाया होत्या. मग लांबलचक कोरा गेरू. आणि दाराच्या चौकटीला लागून सहावी.

"ही खिडकीजवळ होती," मी म्हटलं.

"नाय बाई, दाराशीच होती. पयल्यापासून," सुनिल म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. बुधी सोडून.

"सुट्टी लागली का एक पाऊल टाकते," ती हळूच म्हणाली. "आता दार आलं. तुमी जोडली, तुमीच सोडवा. मी सोडवाया गेले तर निघत नाय. एवढी तरी आयस ऱ्हाऊ दे ना, बाई."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी कंपासपेटीतून कर्कटक घेतलं, गुडघ्यावर बसले आणि ती कंबर खरवडली. पांढरी पूड नखात गेली. खालून गेरूची लाल रेघ दिसली, केसाएवढी. बुधीने श्वास सोडला तो मला मानेवर लागला.

फॉर्मवर मी सही केली. 'शैली' पुढे वारली लिहिलं आणि त्याच्यापुढे : नवशीची. मग फळ्यावरचा 'जोडलेले' हा शब्द पुसला. चित्र सोमवारी डहाणूला गेलं. सुनिलनेच ते पुठ्ठ्यात बांधून दिलं.

बाई दाराशीच आहे. येता-जाता मी बघते. हलली नाही.

प्रश्न ५. खालील आकृती कोणाच्या हातची ते लिहा. (गुण ५)

इथे मी माझ्याच हाताने एक बाई काढायची ठरवलं होतं. कोळंबीसारखी वाकडी, म्हणजे पोरं हसतील आणि फुकटचे पाच गुण मिळतील. पहिल्या कागदावर रेघ सरळ आली आणि कमरेत फट राहिली. फाडला. दुसऱ्यावर मुद्दाम पेन दाबून कंबर जोडली. चहा घेऊन परत आले तर फट होती. फाडला.

आता भर दुपार आहे, मुलं जेवायला बसली आहेत, त्यांच्या ताटांचा आवाज इथवर येतो आहे. तिसरी आकृती काढून झाली. हिचीही रेघ सरळ आहे, कमरेत फट आहे. हा कागद फाडणार नाही.

मुलं ओळखतील. मीच शिकवलंय.

सूचना : उत्तरात हेमांगी बाईंचे नाव लिहिल्यास गुण मिळणार नाहीत.